लेणी, डबा आणि पाण्याचा पेला



इंग्लंडात राहणारी आपली मंडळी हिवाळ्यात मुंबईला गेली की त्यांचा कार्यक्रम बहुतेक ठरलेला असतो. नातेवाईकांकडे जेवणं, ठाण्याच्या नाहीतर भायखळ्याच्या सिनागॉगमध्ये तेफिला, नवगावची जुनी कबरस्थानं, खंडाळ्याचा एलियाहू हन्नाबीचा खडक, मलिदा, आणि उरलेल्या दोन दिवसांत मसाले, पापड व कपडे. यात बौद्ध लेणी कुठेच नसतात. कुणी नाव काढलंच तर घरातली मोठी माणसं दोन प्रश्न विचारतात. पहिला, "त्यांच्या देवळात आपण कशाला जायचं?" आणि दुसरा, "तिथे खायचं काय?"

दोन्ही प्रश्न रास्त आहेत. एका डिसेंबरच्या सुट्टीत आम्ही सातजण हेच प्रश्न बरोबर घेऊन निघालो. चार आजी-आजोबा आणि तीन नातवंडं, त्यात सर्वांत धाकटं नऊ वर्षांचं. मुलांचे आईबाप नोकऱ्यांमुळे लंडनलाच राहिले. पुढे लिहिलेलं वाचून आणखी एखादं कुटुंब निघालं तर बरं वाटेल. मात्र निघण्याआधी एक गोष्ट घरी बसूनच ठरवायला हवी, ती म्हणजे कुणी प्रेमानं समोर केलेलं ताट नाकारायचं कसं. तीच या लेखातली मुख्य गोष्ट.

आधी वार पाहा

आपल्या लोकांनी लेण्यांचा प्रवास आखताना तारखा नंतर बघाव्यात, वार आधी बघावेत. बोरिवलीचं राष्ट्रीय उद्यान सोमवारी बंद असतं आणि कान्हेरी लेणी त्याच्या पोटात आहेत. अजिंठा सोमवारी बंद, वेरूळ मंगळवारी बंद. शब्बाथ तर आपला बंदच. म्हणजे शनिवार गेला, सोमवार-मंगळवार अर्धे गेले. रविवारी सगळीकडे तुफान गर्दी. आम्ही सोमवारी वेरूळ, मंगळवारी अजिंठा असं ठेवलं आणि ते नीट जमलं.

डिसेंबरात लंडनला साडेतीनच्या सुमारास शब्बाथच्या मेणबत्त्या लावाव्या लागतात, मुंबईत पावणेसहाच्या आसपास. त्यामुळे शुक्रवारी थोडा जास्त वेळ मिळतो खरा, पण घाटातल्या आणि गोवा महामार्गावरच्या गर्दीचा भरवसा नाही. शुक्रवारी दुपारी मुक्कामी पोचलेलं बरं. शब्बाथला ठाणे, मुंबई किंवा पुणे गाठावं. ठाण्याला आजही आपल्या लोकांची चांगली वस्ती आहे. पुण्यात रास्ता पेठेत आपलं सुक्कथ शेलोमो आहे. अलिबागला राहायचं असेल तर मिनयान जमेल का ते आधी विचारून घ्यावं.

ओसीआय कार्ड असेल तर खिशात असू द्या. सरकारी स्मारकांच्या तिकिटाला ओसीआयवाल्यांना भारतीय नागरिकांच्या बरोबरीचा दर आहे. सातजणांचा हिशेब केला की फरक कळतो.

आत जावं का?

कान्हेरी, कार्ले, कुडे, अजिंठा ही लेणी पुरातत्त्व खात्याच्या ताब्यातली स्मारकं आहेत. तिथे पुजारी नाही, रोजची पूजा नाही. बौद्ध यात्रेकरू येतात, हात जोडतात, पण ती जागा सर्वांना पाहण्यासाठी खुली आहे. चालत्या देवळाची गोष्ट वेगळी. तिथे आत जाऊ नये असं अनेक रब्बी सांगतात, काही थोडी मोकळीक देतात. ज्यानं त्यानं आपल्या रब्बींना विचारावं. आमच्यातही दोन मतं होती, आणि ज्यांना बाहेर थांबायचं होतं ते बाहेर थांबले. त्यावरून कुणी कुणाला बोललं नाही.

मुलांनो, याबाबत तालमूदात एक गंमतीचा नियम आहे. मूर्तीसमोर उभं असताना पायात काटा मोडला, किंवा हातातले पैसे सांडले, तर लगेच वाकायचं नाही. कारण लांबून पाहणाऱ्याला तो नमस्कारच वाटतो. मग काय करायचं? सरळ खाली बसायचं आणि मग काटा काढायचा, नाहीतर पाठ फिरवायची. आता बघा, अजिंठ्याच्या चित्रांच्या लेण्यांत बूट बाहेर काढावे लागतात. बूट काढायचे म्हणजे वाकणं आलंच! आमचे आजोबा दरवेळी ओट्यावर नीट बसायचे, मूर्तीकडे पाठ करायचे आणि मगच नाडी सोडायचे. दुसऱ्या दिवशी तिन्ही नातवंडं न सांगता तसंच करू लागली.

दुसरी बाजूही तेवढीच महत्त्वाची. नमस्कार करायचा नाही म्हणजे हसायचं, ओरडायचं, मूर्तीच्या मांडीवर बसून फोटो काढायचा असं नाही. आपल्या सिनागॉगमध्ये कुणी सेफेर तोराकडे पाठ करून चेष्टा केली तर आपल्याला कसं वाटेल?

कान्हेरी : शंभरावर लेणी आणि पाणी

कान्हेरीला शंभराहून जास्त लेणी आहेत, सगळी काळ्या दगडात कोरलेली. इसवी सनाच्या आधीपासून साधारण हजार वर्षं तिथे भिक्षूंचा वावर होता. तिसऱ्या नंबरच्या मोठ्या चैत्याच्या ओसरीत दोन टोकांना बुद्धाच्या दोन उभ्या मूर्ती आहेत, प्रत्येकी साधारण सात मीटर उंच. मुलांनी मान वर करून विचारलं, "शिडी लावून केली का?" डोंगरच कोरायचा, तर वरून खाली कोरत यायचं, शिडी कमी लागते, असं आजोबांनी सांगितलं.

पण मुलांना मूर्तींपेक्षा पाण्याची सोय जास्त आवडली. जवळजवळ प्रत्येक लेण्याच्या तोंडाशी दगडात कोरलेलं टाकं आहे. त्याला पोढी म्हणतात. पावसाचं पाणी डोंगरावरून बारीक पन्हळींतून या पोढ्यांत येतं. कोकणात पाऊस चार महिने, मग आठ महिने तेच पाणी पुरवायचं. आपल्या आजोळच्या विहिरींची आठवण झाली.

अकरा नंबरच्या लेण्याला दरबार लेणं म्हणतात. आत लांबच लांब दोन बुटके दगडी बाक आहेत. वेरूळच्या पाच नंबरच्या लेण्यातही असेच आहेत. ते जेवणासाठी होते की पोथ्या वाचण्यासाठी, यावर जाणकारांत वाद आहे. मुलांनी मात्र मतदान घेऊन जेवण असाच निकाल दिला.

इथेच भिक्षूंच्या जेवणाचं सांगून टाकतो. जुन्या नियमाप्रमाणे भिक्षू माध्यान्हीनंतर जेवत नाही, आणि पात्रात जे पडेल ते खातो. मांससुद्धा चालतं, फक्त तो प्राणी खास त्याच्यासाठी मारलेला आहे असं त्यानं पाहिलेलं, ऐकलेलं किंवा त्याला तसा संशय आलेला नसावा. म्हणजे ते पडेल ते खातात आणि आपण निवडून खातो. पण दोघंही जेवताना नियम आठवतात. या गोष्टीचा प्रवासात उपयोग असा, की बौद्ध जागा म्हणजे शाकाहारी जेवण हे समीकरण खरं नाही. महाराष्ट्रात नाही, श्रीलंकेतही नाही.

नव्वद नंबरच्या लेण्यात पहलवी लिपीतले लेख आहेत, इ. स. १००९ आणि १०२१ सालचे. इराणी जरथुष्ट्री पाहुणे येऊन गेले आणि आपली नावं कोरून गेले. म्हणजे दुसऱ्या धर्माच्या माणसांनी ही लेणी पाहायला जाणं हजार वर्षांपूर्वीही चालत होतं. (मुलांनो, नावं कोरणं मात्र आता गुन्हा आहे!)

कार्ले : दोन खंडाळे

कार्ल्याला जाताना लोणावळा-खंडाळ्याची पाटी लागली आणि धाकट्यानं विचारलं, "एलियाहू हन्नाबी इथे आले होते का?" नाही. ते खंडाळं वेगळं, अलिबागजवळचं. हे घाटावरचं. आपल्या लंडनच्या मुलांचा हा गोंधळ नेहमीचा, म्हणून लिहिलं.

कार्ल्याचा चैत्य हा भारतातला सर्वांत मोठा कोरीव चैत्य, लांबी सुमारे ३८ मीटर. छताला लाकडी कमानी आहेत आणि त्या जुन्या, मूळच्या आहेत. दोन हजार पावसाळे बाहेर कोसळले आणि लाकूड आत टिकलं! भिंतींवर आणि खांबांवर देणगीदारांचे लेख आहेत. वैजयंतीचा भूतपाल शेठ, धेनुकाकट गावचा एक सुतार, एक अत्तरवाला, आणि बरेच 'यवन', म्हणजे परक्या मुळाचे लोक. राजांपेक्षा अशी साधी नावंच जास्त. आपल्या सिनागॉगच्या भिंतीवरच्या संगमरवरी पाट्या आठवा, बाक कुणी दिलं, दिवा कुणी दिला. पद्धत तीच.

चढण बरीच आहे, तीनशेच्या वर पायऱ्या. चैत्याच्या तोंडाशीच एकवीरा देवीचं मंदिर आहे. ते चालतं देऊळ आहे, कोळी बांधवांची मोठी श्रद्धा, त्यामुळे गर्दी असते. वाटेवर कुणीतरी मुलांच्या हातावर पेढ्याचा प्रसाद ठेवतं. आपल्याला प्रसाद चालत नाही. पण हात झटकून मागे घेणं हे वाईट दिसतं. आम्ही मुलांना एवढंच शिकवलं होतं : दोन्ही हात जोडायचे नाहीत, हात छातीवर ठेवायचा, हसून म्हणायचं, "आभारी आहे, आम्हाला चालत नाही." देणाऱ्या बाईंनी गालाला हात लावला आणि पुढच्या मुलाला पेढा दिला. कुणाला राग आला नाही.

कुडे : आपल्याच शेजारी

कुड्याची लेणी फार लोकांना ठाऊक नाहीत. रायगड जिल्ह्यात, तळा तालुक्यात, मांदाडजवळ, राजपुरीच्या खाडीच्या आतल्या अंगाला. सव्वीस लेणी आहेत. मुरूड, म्हसळा, बोर्ली, नांदगाव, या आपल्या गावांच्या अगदी आवारात. आमच्या एका आजोबांचं बालपण तिथून जवळच गेलं, तरी त्यांनी ती ऐंशीव्या वर्षी पहिल्यांदा पाहिली. "लहानपणी कोण नेणार? त्या वेळी डोंगरावर गुरं चारायलाच जायचे," ते म्हणाले.

इथल्या लेखांत महाभोज घराण्याची नावं आहेत, आणि त्यांच्या जोडीला सोमदेव नावाचा एक वैद्य, एक माळी, कऱ्हाडचा एक लोखंडाचा व्यापारी. आपल्या पूर्वजांचं जहाज नवगावला फुटलं, सात पुरुष आणि सात बायका वाचल्या, तेलाचे घाणे चालवून पोट भरू लागले, शनिवारी घाणा बंद ठेवायचे म्हणून शनवार तेली झाले, ही परंपरा आपण मुलांना सांगतो. कुड्याच्या भिंतीवर तेल्याचं नाव नाही. पण वैद्य, माळी, व्यापारी अशा कामकरी लोकांची नावं ज्या खाडीकाठी कोरली गेली, त्याच किनाऱ्यावर आपलं घर झालं. मुलांना एवढं दाखवलं तरी पुष्कळ.

कोकणात खाण्याचा प्रश्न सर्वांत सोपा वाटतो आणि सर्वांत अवघड असतो. मासळी समोर येते. पापलेट, सुरमई, रावस, बांगडा यांना पर आहेत, खवले आहेत. कोळंबी, खेकडा, तिसऱ्या, माकूल, मोरी आपल्याला वर्ज्य. हे घरोघरी माहीत असतं. पण खानावळीत एकाच तव्यावर आधी कोळंबी, मग सुरमई तळतात, तेलही तेच. आम्ही एका लहान खानावळीत हे विचारलं तेव्हा पोरगा गोंधळला. आतून त्याची आजी बाहेर आली. म्हणाली, "तुम्ही शनवार तेली काय? आमच्या आळीत होते. इस्राएलला गेले." तिनं कोरा तवा काढला, मासळी सालीसकट आणून दाखवली आणि समोर तळून दिली. सोलकढी दिली, ती नारळाच्या दुधाची, म्हणजे दुधदुभत्याचा प्रश्न नाही. आपल्या घरातही मटणाच्या रश्शाला नारळाचंच दूध.

आमच्यातल्या सर्वांत कडक आजींनी मात्र शहाळ्याचं पाणी आणि केळी एवढ्यावरच भागवलं. खानावळीच्या आजींनी ते पाहिलं आणि शहाळ्याचे पैसे घेतले नाहीत.

शाकाहारी हॉटेलांविषयी : 'शुद्ध शाकाहारी' पाटी आपल्याला फार सोयीची. त्यांच्यात अंडंही नसतं. पाकिटांवर हिरवा ठिपका पाहून घ्यावा. तरीही शाकाहारी म्हणजे कोशेर नव्हे. चीजमधलं विरजण कशाचं, पालेभाजी नीट निवडली का, हे प्रश्न राहतातच. आमच्यातले चारजण शाकाहारी हॉटेलात जेवले. तिघं आपल्या भांड्यात शिजवलेलंच जेवले. त्यासाठी एक विजेची छोटी शेगडी, एक पातेलं, एक तवा आणि सुरी लंडनहूनच नेली होती. खोलीत शेगडी चालेल का ते आधी विचारावं.

अजिंठा : पाणी आधी मागावं

छत्रपती संभाजीनगर (जुनं औरंगाबाद, नाव २०२३ मध्ये बदललं) इथून अजिंठा सुमारे शंभर किलोमीटर. गाडी फर्दापूरच्या फाट्याजवळ ठेवावी लागते, पुढे तिथल्या बसनं जायचं. ज्यांना चढवत नाही त्यांच्यासाठी डोलीवाले असतात. आमच्या दोन आज्या डोलीत बसल्या आणि नवरीसारख्या लाजल्या. वाघूर नदीच्या वळणावर घोड्याच्या नालासारखा कडा आणि त्यात तीस लेणी. एक नंबरमधला पद्मपाणी आणि सव्वीस नंबरमधला आडवा, शांत झोपलेला बुद्ध, हे दोन तरी चुकवू नयेत.

दुपारी आम्ही पायथ्याच्या झाडाखाली डबे उघडले. चपात्या, बटाट्याची भाजी, उकडलेली अंडी, लिंबाचं लोणचं. शेजारी नांदेडकडचं एक मोठं कुटुंब बसलं होतं. पांढऱ्या साड्या, पोरंबाळं, "जय भीम" म्हणून सर्वांना हाक. त्यांनी आमचं मराठी ऐकलं, मुलांचं इंग्रजी ऐकलं, आणि त्यांच्यातल्या वयस्क बाई म्हणाल्या, "या आजी, दोन घास खा आमच्यात." भाकरी होती, ठेचा होता, आणि एका डब्यात कोंबडीचा रस्सा होता.

आता इथे थांबा. आपण एरवी म्हणतो, "नको, आमचं झालं." पण या माणसांना ते वाक्य वेगळं ऐकू येतं. पिढ्यानपिढ्या लोकांनी त्यांच्या हातचं नको म्हटलं ते कोशेर म्हणून नव्हे, विटाळ म्हणून. पाणीसुद्धा नाही. आपल्याच रायगड जिल्ह्यातल्या, तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यातल्या महाडला, २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारो लोकांना घेऊन चवदार तळ्यावर गेले आणि ओंजळभर पाणी प्याले. सार्वजनिक तळं, तिथे गुरं पाणी प्यायची, पण या माणसांना बंदी. त्यांचा हक्क हायकोर्टात कायम व्हायला १९३७ साल उजाडलं. पुढे १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला बाबासाहेबांनी बौद्ध धम्म घेतला आणि लाखोंनी त्यांच्यामागून घेतला. अजिंठ्याला आज जे मराठी यात्रेकरू येतात, त्यांच्यात त्यांची मुलं-नातवंडं फार मोठ्या संख्येनं असतात.

आमच्या कडक आजी उठल्या, त्यांच्याजवळ जाऊन बसल्या आणि म्हणाल्या, "आधी पाणी द्या बाई." बाईंनी तांब्यातलं पाणी पेल्यात ओतून दिलं. आजी सगळं प्याल्या. मग म्हणाल्या, "आम्ही बेने इस्राएल, यहुदी. आमच्यात मांसाचे नियम फार. दुसऱ्याच्या भांड्यात शिजलेलं मी खात नाही. कुणाच्याच घरचं नाही. माझ्या सुनेच्या माहेरचंसुद्धा नाही."

बाईंनी विचारलं, "कुणाच्याच नाही ना?"

"कुणाच्याच नाही."

"मग हरकत नाही. पेरू खा."

आजींनी पेरू घेतला, आमच्या मुलांनी बोरं घेतली. आमच्या चपात्या आणि अंडी त्यांच्या मुलांनी घेतली. मग दोन्हीकडच्या आज्यांचं गुडघ्यांच्या दुखण्यावर अर्धा तास बोलणं झालं.

परतताना थोरल्या नातीनं विचारलं की त्यांनी तेच दोनदा का विचारलं. तेव्हा गाडीत तिला महाडची गोष्ट सांगितली. आणि आपलीही सांगितली, कारण ती लपवून चालत नाही. आपल्यातही गोरे इस्राएल आणि काळे इस्राएल असा भेद होता. एकमेकांत लग्नं नाहीत, एकत्र जेवणखाण टाळायचे. वाचकांतल्या थोरांनी तो पाहिला आहे. आणि इस्राएलला गेल्यावर आपल्याच लग्नांच्या वेळी आपलं यहुदीपण तपासलं गेलं, तेव्हा आपली माणसं रस्त्यावर बसली, आणि १९६४ साली तिथल्या संसदेला ठराव करावा लागला. दाराशी थांबवलं जाणं कसं असतं हे आपल्याला कुणी शिकवायला नको. नात बराच वेळ खिडकीबाहेर बघत होती. मग तिनं विचारलं, "मी पण पाणी मागायला हवं होतं का?"

इंग्लंडहून गेलेल्यांना पोटाची भीती असते, ती खोटी नाही. साधं पाणी सोसणार नसेल तर गरम कोरा चहा मागावा. बंद बाटलीतलं पाणी असेल तर ते त्यांच्या हातून घ्यावं. न चिरलेलं फळ घ्यावं. आपल्याकडचं काहीतरी द्यावं. कारण काय ते मोकळेपणी सांगावं, आणि 'कुणाच्याच घरचं नाही' हे शब्द विसरू नयेत. अर्थात ते खरं असेल तरच म्हणावं. हॉटेलात सगळं खाऊन इथे कोशेर सांगणं हा खोटेपणा होईल.

आशियात पुढे जाणार असाल तर

काहीजण मुंबईहून थायलंड किंवा जपानला जातात. थायलंडमध्ये नुसतं 'भाजी' मागितलं तर तीत माशाचा सॉस येतो, आणि पुष्कळदा कोळंबीची चटणीही असते. तिथे 'जे' हा शब्द शोधावा. पिवळ्या पताकेवर लाल अक्षरात लिहिलेला असतो. त्यात मांस, मासे, अंडी, दूध काही नसतं, आणि कांदा-लसूणही नसतो. जपानमध्ये साध्या सूपालाही सुक्या माशांचा अर्क असतो. तिथे मठांच्या स्वयंपाकाला 'शोजिन र्‍योरी' म्हणतात, तो पूर्ण शाकाहारी. क्योटोच्या तेनर्‍यू-जी मंदिराच्या आवारात तसं जेवण मिळतं. श्रीलंकेत नारळाच्या चटणीत सुका मासा कुटून घालतात, विचारल्याशिवाय कळत नाही. यातलं काहीच कोशेर प्रमाणपत्राचं नाही, हे ध्यानात ठेवून ज्यानं त्यानं ठरवावं.

ज्यांचे गुडघे ऐकत नाहीत

लंडनमध्ये राहूनही काही पाहता येतं. अजिंठ्याच्या चित्रांच्या नकला मुंबईच्या जे. जे. कला शाळेच्या विद्यार्थ्यांनी जॉन ग्रिफिथ्स यांच्या हाताखाली केल्या होत्या. त्यातल्या बऱ्याच १८८५ साली साऊथ केन्सिंग्टनला लागलेल्या आगीत जळाल्या. वाचलेल्या व्हिक्टोरिया अँड आल्बर्ट म्युझियमच्या संग्रहात आहेत. त्याआधी रॉबर्ट गिल यांनी केलेल्या नकला १८६६ च्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत गेल्या. दोनदा जळूनही मूळ चित्रं अजिंठ्यात आहेत, हे नशीब.

विम्बल्डनला बुद्धपदीप हे थाई पद्धतीचं देऊळ आहे, १९७९ ते १९८२ या काळात बांधलेलं. तिथल्या भिंतीवरच्या चित्रांत मार्गारेट थॅचर बाईंचाही चेहरा आहे. ते चालतं देऊळ आहे, तेव्हा आत जाण्याआधी वर लिहिलेलं आठवा. ज्यांना आत जायचं नाही त्यांच्यासाठी बाहेर बाग आहे. आणि प्रिमरोझ हिलजवळ किंग हेन्रीज रोडवरचं दहा नंबरचं घर तर सर्वांनी पाहण्यासारखं. बाबासाहेब १९२१-२२ मध्ये तिथे विद्यार्थी म्हणून राहिले. महाराष्ट्र सरकारनं ते २०१५ साली घेतलं. मुलांना नेऊन दाखवा.

मुलांनो, ही वाक्यं पाठ करा

नातवंडांना मराठी येत नाही अशी तक्रार आपण सगळेच करतो. प्रवासाला पाच वाक्यं पुरतात :

१. मावशी, थोडं पाणी द्याल का?
२. यात मांस किंवा कोळंबी आहे का?
३. आम्ही बेने इस्राएल. दुसऱ्याच्या भांड्यातलं शिजलेलं आम्ही खात नाही, कुणाच्याच घरचं नाही.
४. फळ चालेल, आभारी आहे.
५. हे आमच्या डब्यातलं घ्या ना.

तिसरं वाक्य लांब आहे आणि 'दुसऱ्याच्या' म्हणताना जीभ अडखळते. शब्बाथच्या जेवणानंतर आजी-आजोबांपुढे उभं राहून दहादा म्हणा. तुमच्या घरी ते खरं नसेल तर तेवढं गाळा, पण पहिलं आणि पाचवं सर्वांनी शिका.